मी शेताला चुना लावला!



मथळा वाचून हसलात ना? हसा. आमच्या गावानेही मनसोक्त हसून घेतले होते. "कोकणातल्या सुनेनं सासरच्या रानाला चुना लावला," ही गंमत दोन उन्हाळे पाणवठ्यावर पुरली. आणि गंमत खोटी नव्हती. त्या चुन्यापायी अडीच एकरांची दोन वर्षे वाया गेली, घरात अबोला आला, रान विकून टाकायची भाषा निघाली. आज त्याच रानात पीक उभे आहे, म्हणून सांगायचे धाडस करते. तुमच्या रानात पांढरे फुटले असेल, पाणी मुरत नसेल, आणि शेजारीपाजारी "हे टाका, ते टाका" म्हणत असतील, तर पोते उचलण्यापूर्वी माझी ही हकिगत एकदा वाचा.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. तांबडी, जांभ्याची माती. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. एवढे पाणी दर साल मातीतून वाहून जाते, तेव्हा मातीतला चुना, पालाश असले विरघळणारे पदार्थ ते धुऊन नेते. मागे राहते ती आंबट माती. 'आंबट' हा शब्द उगाच वापरत नाही. अशा मातीला शास्त्रात आम्लधर्मी म्हणतात, आणि आम्ल म्हणजे आपल्या ओळखीचे आंबटच. चिंच, कोकम, लिंबू, ताक या साऱ्यांत कुठले ना कुठले आम्ल असते.

आमचे बाबा शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण भाताच्या रोपासाठी राब भाजायचे. पालापाचोळा, शेणी अंथरून जागा भाजायची, मग त्या राखेत बी फेकायचे. भाजण्याने तण मरते हे तर खरेच, पण राख ही आम्लाच्या उलट गुणाची असते. तिने आंबट मातीचा आंबटपणा थोडा मोडतो. खाडीत शिंपल्या मिळत. त्या भाजून केलेला चुना बाबा एका खाचरात दोन-चार वर्षांनी फेकत, आणि त्या खाचरातले भात शेजारच्यापेक्षा उजवे निघे. लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले मनावर कोरले जाते. जमीन रुसली की तिला चुना द्यावा, हे माझ्या मनात असे पक्के बसले.

१९८१ साली लग्न होऊन मी कृष्णाकाठी आले. इथे सगळेच निराळे. काळीभोर माती, ऊस, हळद, आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळाचा धूर. आमचे मामंजी गावातले नावाजलेले गुळव्या. काहिलीत रस तापू लागला की ते भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणीत, ती झाऱ्याने काढीत, आणि बेताने चुन्याची निवळी सोडीत. मी नवी नवरी, लांबून बघे. एकदा धीर करून विचारले, "मामा, गोड रसात चुना कशाला?"

ते म्हणाले, "पोरी, उसाचा रस गोड लागतो खरा, पण पोटात आंबट असतो. तो आंबटपणा मारला नाही तर गूळ धरत नाही, ढेप मऊ पडते. आणि चुना जादा झाला तर गूळ काळा पडतो. म्हणून रस चाखायचा, रंग बघायचा, मगच चुना."

पुढे मी वाचले, तेव्हा कळले की मामंजींचे बोल शास्त्राला धरून होते. ताजा उसाचा रस थोडासा आम्लधर्मी असतो. आंबटपणात काहील तापवली तर साखरेचे काही कण फुटतात आणि गुळाचा दाणा बिघडतो. चुना त्या आम्लाला उतारा पडतो. म्हणजे माझे बाबा खाचरात आणि मामंजी काहिलीत एकच काम करीत होते. दोघांच्याही समोर आंबट होते, म्हणून दोघांचाही चुना लागू पडला. हा 'म्हणून' मला त्या वेळी उमगला नाही. माझी चूक तिथेच झाली.

आमच्या ओढ्याकडच्या अडीच एकरांत १९८० नंतर उपसा सिंचनाचे पाणी आले. मग काय विचारता! उसावर ऊस. पाट सोडायचा आणि घरी येऊन झोपायचे. पाण्याला निघून जायला वाट आहे का, हे कुणी पाहिले नाही. जमिनीखालचे पाणी वर वर चढत आले. उन्हाने वरचे पाणी उडून जाई आणि त्यातले क्षार मातीतच राहत. आठ-दहा वर्षांत रानाची कळा गेली. ओले झाले की बूट ओढून घेणारा चिखल, वाळले की कुदळ उसळावी असे दगडासारखे ढेकूळ. पाणी दिले की चार-चार दिवस वर साचून राही, आणि वाळताना पृष्ठभागावर काळपट, तेलकट डाग दिसत. उसाचे कोंब पिवळे पडून जागच्या जागी बसत.

१९९४च्या उन्हाळ्यात एका रात्री जेवताना यावर बोलणे निघाले. मी वाढता वाढता म्हणाले, "आमच्याकडे बाबा चुना टाकतात. जमीन सुधारते."

आमच्या ह्यांनी मान वर केली. "तुमच्याकडं रानाला चुना घालत्यात व्हय?"

"घालतात की. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मामंजी काही बोलले नाहीत. काहिलीतल्या चुन्यावर त्यांचा विश्वास होताच. सोसायटीचे देणे डोक्यावर होते, बुडत्याला काडीचा आधार वाटला. आठवड्यात विरवलेल्या चुन्याची पोती आली आणि मे महिन्यात साऱ्या रानावर पांढरे फासले गेले. माझी मान त्या दिवशी ताठ होती.

पाऊस पडला. उगवायचे तेही उगवले नाही. दुसऱ्या साली तीच गत. मग पाणवठ्यावरची ती गंमत सुरू झाली. धाकटे दीर म्हणू लागले, "विकून टाकू, येतील ते पैसे घेऊ." ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण बोलणेच कमी केले. भगिनींनो, शिव्या परवडतात, असला अबोला परवडत नाही. बाबांनी शिकवलेले खोटे कसे ठरले, हे कोडे घेऊन मी दोन वर्षे काढली.

ते सोडवले माझ्या मुलीने. १९९६ साली ती आठवीत होती. एका संध्याकाळी वहीच्या पानात कागदाच्या चार पट्ट्या जपून घेऊन आली. दोन निळ्या, दोन तांबड्या. गुरुजींनी घरी बघायला दिलेला लिटमस कागद. स्वयंपाकघरात तिने त्या पट्ट्यांचे बारीक तुकडे केले आणि वाट्या मांडल्या. लिंबाच्या रसात निळा तुकडा बुडवला, तांबडा झाला. ताकात तेच. साबणाच्या पाण्यात तांबडा बुडवला, निळा झाला. चुलीतली राख पाण्यात कालवली, तिच्यातही निळा. खायच्या चुन्याच्या निवळीतही निळा. साखरेच्या पाण्यात कुठलाच बदलला नाही.

"आई, आंबट ते आम्ल. साबण, राख, चुना ते त्याच्या उलट, त्यांना अल्क म्हणायचं. साखरेचं पाणी कुणाच्याच बाजूचं नाही, ते उदासीन," ती घडाघडा बोलत होती.

माझ्या मनात काय आले कोण जाणे, मी म्हणाले, "जा, ओढ्याकडच्या रानातली मूठभर माती आण."

पावसाचे धरून ठेवलेले पाणी घेतले, त्यात माती ढवळली, गाळ बसू दिला. वरच्या पाण्यात तांबडा तुकडा सोडला. तो निळा झाला. मुलीने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, आपलं रान साबणासारखं आहे!"

मी मटकन खाली बसले. आंबट नसलेल्या रानाला मी आंबटावरचे औषध दिले होते.

आता थोडे शास्त्र सांगते. घाबरू नका, चुलीपाशी बसून समजेल एवढेच आहे.

आम्ल पाण्यात गेले की हायड्रोजनचे विद्युतभारित कण मोकळे करते. आंबट चव, तांबडा लिटमस, धातू नि चुनखडी खाऊन टाकणे, हे सारे त्या कणांचे काम. अल्क पाण्यात गेला की हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीचे उलट भाराचे कण मोकळे करतो. बोटाला बुळबुळीत लागणे, तेलकटपणा कापणे हे त्यांचे काम. दोघे एकत्र आले की हे कण एकमेकांना धरतात आणि त्यांचे चक्क पाणी होते. उरलेल्या भागांचा क्षार होतो. मीठ-आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि दाहक सोडा हे दोन्ही कातडी जाळणारे पदार्थ. पण अगदी बरोबर प्रमाणात मिसळले तर होते मिठाचे पाणी. या मिलाफाला शास्त्रात उदासिनीकरण म्हणतात. आपल्या भाषेत उतारा. यात ऊबही निघते, आणि आम्ल तीव्र असेल तर नुसती ऊब नव्हे, चांगलाच कढ निघतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तुमच्या घरातही हे रोज घडते. पांढऱ्या लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला तर तो लालभडक होतो, कारण साबण अल्कधर्मी. घाबरून जाऊ नका, लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा होईल. मुरगळलेल्या पायावर लावायचा हळद-चुन्याचा लेप लाल होतो तो याच कारणाने. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले तर तिथला तकाकी उडालेला डाग जात नाही, कारण ती फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आम्लाने तो खाल्ला जातो. पोटात आम्ल वाढून जळजळ झाली आणि खायचा सोडा घेतला तर ढेकर येते. ती ढेकर म्हणजे आम्ल नि सोडा यांच्या मिलाफातून निघालेला वायू. लिटमस नसेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी लिंबाने लाल होते, सोड्याने हिरवट होते. मुलांना हे जरूर करून दाखवा.

पण किती आंबट, किती अल्क, हे लिटमस सांगत नाही. त्यासाठी डेन्मार्कमधल्या सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली एक मोजपट्टी काढली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते काम करीत. मराठीत त्या मापाला 'सामू' म्हणतात. साधारण ० ते १४ अशी ही पट्टी. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. हिच्यातली मेख अशी की एक घर सरकले की फरक दहापट होतो. सामू ८ आणि ९ यांत उन्नीस-बीसचा नव्हे, दहापटीचा फरक. सामू ७ आणि ९ यांत शंभरपटीचा.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी रानात ठिकठिकाणी खड्डे घेऊन माती गोळा केली आणि तपासणीसाठी पाठवली. विहिरीचे पाणीही पाठवले. कागद आला, त्यावर सामू ९.१ होता, आणि शेरा होता 'चोपण'. मी तो कागद घेऊन माती तपासणाऱ्या साहेबांकडे ह्यांच्याबरोबर स्वतः गेले. सारे सांगितले, चुन्याचेही. त्यांनी हसण्यावारी नेले नाही, खुर्ची दिली आणि समजावले.

चोपण जमिनीत सोडियमचे कण मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतात. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, विस्कटतात, आणि भोके बुजवून टाकतात. म्हणून पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. शिवाय मातीत धुण्याचा सोडा तयार झालेला असतो. मुलगी 'साबणासारखं' म्हणाली ते अगदी खरे होते.

मग माझ्या चुन्याने काय केले? धुण्याच्या सोड्यात विरवलेला चुना पडला की दाहक सोडा तयार होतो. पूर्वी साबणासाठी दाहक सोडा असाच करीत. आमच्या रानात तेच थोड्याफार प्रमाणात घडले. उरलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून चुनखडी झाला. काळ्या रानात चुनखडीला काय तोटा? ती आधीच होती, आणि अल्क जमिनीत ती विरघळत नाही, म्हणून पिकाच्या कामाचीही नाही. बाबांच्या खाचराचा सामू सातच्या खाली होता, आमच्या रानाचा नवाच्या वर. औषध तेच, रोग उलटा.

यावर उपाय जिप्सम. जिप्सम म्हणजे आम्ल नव्हे, हे साहेबांनी आवर्जून सांगितले. ते कॅल्शियम आणि गंधक यांचा क्षार आहे. पाण्यात थोडेसे, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, विरघळते, पण चुनखडीच्या मानाने ते पुष्कळ झाले. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला उठवतो आणि त्याची जागा घेतो. मग तुरटी फिरवल्यावर गढूळ पाण्यातला गाळ जसा गोळा होतो, तशी माती रवाळ होते. धुण्याच्या सोड्याशी जिप्समची गाठ पडली की त्याची निरुपद्रवी चुनखडी होते. सुटलेला सोडियम पाण्यात विरघळून खाली जातो. पण तो बाहेर गेला पाहिजे! निचरा नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम.

घरी येऊन मी मामंजींपुढे कागद ठेवला. वाटले, आता तरी रागावतील. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, चूक तुझी एकटीची नव्हं. काहिलीत चुना सोडायच्या आधी मी चाळीस वर्षं रस चाखत आलो. रानात सोडायच्या आधी माती चाखाय पाहिजे होती, ती मी चाखली न्हाई."

हे बसले होते, ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "उद्यापास्नं चर धरू. जेवण शेतावरच घेऊन ये." दोन वर्षांत मला इतके बोलले नव्हते.

१९९७च्या उन्हाळ्यात ओढ्यापर्यंत चर खोदले. दीरही कुदळ घेऊन आले. अहवालात सांगितल्याप्रमाणे एकरी दोन टन जिप्सम दोन सालांत विभागून टाकले, वरच्या वीतभर मातीत मिसळले, बांध घालून पावसाचे पाणी कोंडले आणि मुरू दिले. त्यावर धैंचा पेरला आणि फुलावर यायच्या सुमारास गाडला. धैंचा कुजताना कर्बवायू सोडतो, तो पाण्यात मिसळून हलके आम्ल होते, आणि ते जमिनीतली चुनखडी थोडी थोडी विरघळवून कॅल्शियम मोकळा करते. म्हणजे रानानेच आपला उतारा तयार केला म्हणा ना. १९९८ला पुन्हा तेच. १९९९ला गहू घेतला, बेताचा आला, पण आला. पहिल्या पेंढीची ओंबी आत्याबाईंनी देवापुढे ठेवली. २००१ साली पुन्हा माती तपासली, सामू ८.३ होता. चार वर्षे लागली. जमीन बिघडायलाही आठ-दहा लागली होती, हे विसरून चालत नाही.

आता तुम्ही उठून जिप्सम आणायला निघाल, तर थांबा. नाहीतर माझी चूक तुम्ही दुसऱ्या पोत्याने कराल. सगळी पांढरी रानं चोपण नसतात. काही जमिनी नुसत्या क्षारयुक्त असतात. त्यांच्यावर पांढरा पापुद्रा येतो, पण सामू बहुधा साडेआठच्या खालीच असतो आणि माती भुसभुशीत राहते. तिथे जिप्समची गरज नसते, चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन लावले की काम होते. काही जमिनी दोन्ही दोषांच्या असतात. चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधकही चालते. मातीतले जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात, ते चुनखडीशी मिळून मातीतच जिप्सम तयार करते, पण त्याला वेळ लागतो. यातले तुमच्या रानाला काय हवे आणि किती हवे, हे शेजारी सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही. आमचे दोन टन हे आमच्या मातीचे माप. तुमचे माप तुमची माती सांगेल. २०१५ साली देशभर मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत सामूचा आकडा असतो. ती घरात असेल तर दिवळीत खोचून ठेवू नका, आधी तो आकडा वाचा.

एक गोष्ट राहिली, ती घरातल्या बायामाणसांसाठी मुद्दाम सांगते. उताऱ्याचे एवढे गुण गायले, पण माणसाच्या अंगावर हा उतारा कधी करू नका. एकदा ट्रॅक्टरच्या बॅटरीचे पाणी दिरांच्या हातावर उडाले. ते गंधकाम्ल. आत्याबाई चुन्याची डबी घेऊन धावल्या. त्या वेळेपर्यंत मी शहाणी झाले होते. त्यांचा हात धरला आणि दिरांचा हात पंपाच्या धारेखाली धरला. आम्ल नि चुना एकत्र आले की कढ निघतो हे वर सांगितले. भाजलेल्यावर आणखी भाजायचे का? शिवाय चुना थोडा जरी जादा झाला तरी तोही कातडी खातो. अंगावर वा डोळ्यात आम्ल गेले, चुना गेला, दाहक सोडा गेला, काहीही असले तरी एकच करायचे. ओले कपडे काढायचे, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरायचे आणि दवाखाना गाठायचा. पोरानं असले काही गिळले तर ओकारी काढू नका, लिंबू-सोडा पाजू नका, बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या. मोरी धुवायचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि आम्ल पातळ करायचे झाले तर पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे.

मामंजी २००६ साली गेले. गुऱ्हाळ बंद झाले, काहील अजून परसात पालथी आहे. त्याआधी बाबा एकदा कोकणातून आले होते, तेव्हा ओढ्याकडचा ऊस बघायला त्यांना नेले. बांधावर बसून त्यांनी सारी हकिगत ऐकली आणि म्हणाले, "अगो, मला एकदा विचारायचंस तरी! मी म्हटलं असतं, आधी माती बघ कसली ती." मग पिशवीतून आणलेली आमसुलं मामंजींच्या हाती दिली आणि मामंजींनी त्यांना गुळाची ढेप दिली. दोघे व्याही मग बराच वेळ चुन्यावरच बोलत बसले होते.

मुलगी आता शाळेत विज्ञान शिकवते. दर साली आठवीच्या मुलांना लिटमसच्या पट्ट्या घरी देते आणि सांगते, "लिंबू, साबण बघाच, पण येताना आपल्या रानातल्या मातीचं काय झालं तेही वहीत लिहून आणा."

तुमच्या घरी असे पोर पट्ट्या घेऊन आले, तर त्याला हाकलू नका. एक वाटी द्या, आणि रानातली मूठभर माती आणून द्या.